बहरीनमध्ये कुठे, काय आणि कोणत्या क्रमाने जेवावं

बहरीनला जातोय म्हटल्यावर ओळखीच्या बहुतेकांनी एकच सल्ला दिला होता: शुक्रवारी मोठ्या हॉटेलातला ब्रंच चुकवू नका. ब्रंच आम्ही केला, चांगला होता. पण आता कोणी मला विचारलं तर मी वेगळंच सांगते. तिथलं पहिलं जेवण मुहर्रक या जुन्या गावातली साधी न्याहारी असू द्या आणि नावाजलेल्या रेस्टॉरंटमधलं जेवण शेवटच्या एखाद्या रात्रीसाठी राखून ठेवा. हा क्रम उलटा झाला तर महागाच्या ताटात काय आहे तेच कळत नाही, आणि साध्या ताटाकडे बघायला वेळ उरत नाही.

देश अगदी लहान आहे. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी जमीन होते, त्यापेक्षा थोडाच मोठा. त्यामुळे एका दिवसात तीन वेगवेगळ्या भागांत तीन वेळचं खाणं आरामात जमतं. मुंबईहून थेट विमानं आहेत आणि भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसाचा अर्ज ऑनलाइन करता येतो. नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी सरकारी संकेतस्थळ एकदा बघून घ्या. विमानतळ मुहर्रकमध्येच आहे, राजधानी मनामा पुलापलीकडे. सकाळचं विमान असेल तर सामान हॉटेलवर टाका आणि पूल ओलांडून परत मुहर्रकला या.

मुहर्रक ही जुनी राजधानी. मोत्यांच्या व्यापारावर उभं राहिलेलं हे गाव. तिथली जुनी घरं, गोदामं आणि समुद्रातले मोत्यांचे शिंपलेतळ यांना २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. त्या वाटेवरच कैसरिया नावाचा जुना बाजार लागतो आणि त्यात ‘सॅफ्रन बाय जेना’ हे न्याहारीचं ठिकाण. तिथे आधी पायाखाली बघा. जमिनीत काच बसवलेली आहे आणि काचेखाली जुनी ‘मदबसा’ दिसते. खजुराची पोती एकावर एक रचायची, त्यांच्याच वजनाने आणि उन्हाळ्याच्या उष्म्याने खजूर दबायचा, आणि खालच्या दगडी पन्हळींतून पाक वाहत एका खड्ड्यात जमा व्हायचा, अशी ही व्यवस्था. या पाकाला ‘दिब्स’ म्हणतात. बहरीनच्या स्वयंपाकाचा अर्धा गोडवा इथून आलेला आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी ही जागा पाहणं मला महत्त्वाचं वाटतं.

न्याहारी म्हणजे छोट्या छोट्या वाट्यांनी भरलेलं टेबल. ‘नखी’ म्हणजे मऊ शिजवलेले काबुली चणे, ‘बाजेला’ म्हणजे मोठ्या वालासारख्या शेंगेचे दाणे, टोमॅटोत परतलेली अंडी, आणि भट्टीतून नुकती निघालेली मोठी पातळ रोटी. ‘बलालीत’ मात्र आमच्या टेबलावर चर्चेचा विषय झाला. साखर, वेलची, केशर घातलेल्या गोड शेवया आणि त्यावर चक्क ऑम्लेट. पहिल्या घासाला माझा नवरा थबकला, चौथ्या घासाला बशी स्वतःकडे ओढून बसला. खारट अंडं आणि गोड शेवई एका घासात घ्यावी लागते, वेगवेगळं खाल्लं तर गंमत जाते.

रोटीच्या भट्ट्या गल्लोगल्ली आहेत. तिथे ‘महयावा’ लावलेली रोटी मागून बघा. हे इराणच्या दक्षिण किनाऱ्यावरून आलेलं, छोटे मासे आणि मसाले मुरवून केलेलं पातळ कालवण. रोटीवर फासून, कधी वर अंडं फोडून, भट्टीत घालतात. वास उग्र असतो. सुकटीच्या वासात वाढलेल्या कोकणी माणसाला तो जवळचा वाटेल, इतरांनी अर्धीच घ्यावी.

मनामात ‘बाब अल बहरीन’ या कमानीमागे जुना बाजार पसरला आहे. तिथल्या एका गल्लीत १९५० पासून चालत आलेलं ‘हाजीज कॅफे’ आहे. लाकडी बाकं, भिंतीभर जुने फोटो, शेजारच्या टेबलावर वर्तमानपत्र वाचणारी म्हातारी मंडळी. इथे घाई करू नका. सकाळी लवकर गेलात तर जागा मिळते, सुट्टीच्या दिवशी उशिरा गेलात तर ताटकळावं लागेल. सुट्टी शुक्रवार-शनिवार असते, हे नियोजन करताना लक्षात ठेवा.

याच बाजारात श्रीनाथजींचं मंदिर आहे. सिंधमधल्या ठठ्ठा इथून आलेल्या हिंदू व्यापाऱ्यांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभारलं, म्हणजे दोनशे वर्षं होऊन गेली. आसपास शाकाहारी खानावळी आणि मिठाईची दुकानं आहेत. सोबत शाकाहारी सासूबाई होत्या, त्यामुळे हा भाग आम्हाला चांगला पाठ झाला. पण शाकाहारी लोकांनी तिथेच अडकून राहू नये असं मला मनापासून वाटतं. नखी, बाजेला, लूमी (वाळवलेलं काळं लिंबू) घातलेले बटाटे, भाज्यांचे सामोसे, दिब्समध्ये बुडवलेले ‘लुकैमात’ नावाचे तळलेले गोळे, हे सगळं बहरीनी आणि शाकाहारी आहे. फक्त विचारून घ्यायचं. बलालीत अंड्याशिवाय मिळतं. भात मात्र नुसता मागितला तरी तो बहुधा मांसाच्या रश्श्यात शिजलेला असतो, ‘तुकडे काढून देतो’ म्हणाले तरी घेऊ नका. बाजारात हिंदी चालते. वाढणारे आणि रांधणारे बरेच जण भारत, नेपाळ, बांगलादेशचे आहेत, त्यामुळे हे प्रश्न मोकळेपणाने विचारता येतात. सासूबाई तर दुसऱ्या दिवसापासून स्वतःच स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन चौकशी करू लागल्या आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना नीट, आदराने उत्तर मिळालं. माझ्या मते पाहुणचाराची खरी उंची अशा वेळी कळते.

लूमी म्हणजे मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात काळं होईपर्यंत वाळवलेलं लिंबू. आंबट, किंचित कडवट, धुरकट. ‘मचबूस’ या राष्ट्रीय म्हणावं अशा भाताला त्याच्याशिवाय चव नाही. कोंबडी, मटण किंवा मासा मसाल्यात उकळतात, त्याच रश्श्यात बासमती शिजतो, शेवटी गुलाबपाणी शिंपडतात आणि सोबत ‘दकूस’ ही टोमॅटोची तिखट चटणी देतात. बहरीनी टिक्क्यातही हीच लूमी असते. लाल मसाल्याची अपेक्षा ठेवून जाऊ नका, हा टिक्का काळपट आणि आंबट असतो, आणि रस्त्यावरच्या शेगडीवरचाच सर्वांत चांगला.

या भाताची चव मराठी जिभेला ओळखीची वाटते, त्याला कारण आहे. बहरीनचे मोती विकले जायचे ते मुख्यतः मुंबईच्या बाजारात, आणि परतीच्या गलबतांतून तांदूळ, मसाले, लाकूड जायचं. व्यवहार रुपयात चालायचा. १९५९ मध्ये आखातासाठी वेगळा रुपया निघाला आणि बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आणला. दोन स्वयंपाकघरांत एवढी जुनी देवघेव असल्यावर वेलची-दालचिनीचं प्रमाण परकं कसं वाटेल?

मासे खाणाऱ्यांसाठी एक दुपार राखून ठेवा. हमूर म्हणजे आपला हेकरू, चनद म्हणजे सुरमई. पण खरा बहरीनी मासा ‘साफी’. तळलेला साफी आणि सोबत ‘मुहम्मर’, म्हणजे दिब्स घालून तांबूस केलेला गोड भात. पाणबुड्यांना दिवसभर मोती काढल्यावर ताकद यावी म्हणून हा भात असायचा, असं तिथे सांगतात. माशाला काटे बारीक आणि पुष्कळ, हाताने खा. काही मोसमांत साफी आणि कोळंबी पकडायला बंदी असते. त्या काळात ताटलीत असेल ते गोठवलेलं किंवा बाहेरून आणलेलं असेल, म्हणून आधी विचारा आणि नसेल तर दुसरा ताजा मासा घ्या.

आता मोठ्या रेस्टॉरंटांकडे. बहरीन बे इथल्या फोर सीझन्समध्ये प्रसिद्ध शेफ वुल्फगँग पकचं ‘कट’ हे स्टेकचं रेस्टॉरंट आहे. स्टेक उत्तम असतात यात शंका नाही, पण तसं जेवण जगात इतरत्रही मिळतं. मला अभिमानाने सांगावंसं वाटतं ते बहरीनी बायकांनी केलेल्या कामाबद्दल. ताला बाश्मी या शेफला २०२२ मध्ये मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेतल्या ५० सर्वोत्तम रेस्टॉरंटांच्या यादीबरोबर दिला जाणारा सर्वोत्तम महिला शेफचा सन्मान मिळाला. गल्फ हॉटेलमधल्या ‘फ्यूजन्स बाय ताला’मध्ये तिने घरगुती बहरीनी पदार्थच नव्या रूपात मांडले. रोया सालेह यांचं ‘व्हिला मामाज’ वेगळ्या वाटेचं, तिथे घरचं जेवण घरासारखंच, पण अतिशय निगुतीने केलेलं. शेफ आणि जागा बदलत राहतात, म्हणून सध्या कोण कुठे रांधतंय हे फोन करून विचारा आणि मगच टेबल ठरवा.

आम्ही शेवटच्या टप्प्यात अशाच एका आधुनिक बहरीनी जेवणाला गेलो. माशावर दिब्सचा पातळ थर भाजून चकाकवला होता, बाजूला लूमीची पूड आणि चमचाभर कुरकुरीत भात. सकाळी भट्टीवर आणि दुपारी साफीसोबत जे खाल्लं होतं तेच इथे चार घासांत आलं. पहिल्याच रात्री इथे आलो असतो तर ‘छान गोड-आंबट मासा’ एवढंच म्हणून उठलो असतो.

अदलिया भागातला ब्लॉक ३३८ संध्याकाळी फिरायला सुंदर आहे. जुन्या बंगल्यांमध्ये रेस्टॉरंट, कलादालनं, भिंतींवर चित्रं. गाडी लावायला जागा मिळत नाही, टॅक्सीने जा. गोड आणि कॉफीसाठी ‘कॅफे लिलू’ चांगलं.

आरक्षण शक्यतो रविवार ते बुधवारचं करा. १९८६ मध्ये खुल्या झालेल्या २५ किलोमीटरच्या किंग फहद सेतूवरून सौदी कुटुंबं गुरुवार संध्याकाळपासून येतात. रस्ते आणि टेबलं, दोन्ही भरून जातात. हवा नोव्हेंबर ते मार्च चांगली, पण येती काही वर्षं रमजान याच थंडीच्या दिवसांत येतोय. रमजानमध्ये दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाणं-पिणं चालत नाही, बरीच रेस्टॉरंट सूर्यास्तानंतरच उघडतात आणि मद्य मिळत नाही. एरवी ते परवाना असलेल्या हॉटेलांत आणि रेस्टॉरंटांत मिळतं. उलट रमजानच्या रात्री फार रंगतात. मध्यरात्रीच्या आसपास ‘गबगा’ नावाची जेवणं होतात आणि गहू-मांसाचा ‘हरीस’ त्याच दिवसांत खावा. लहान मुलं किंवा औषधं घेणारे ज्येष्ठ सोबत असतील तर मात्र हा महिना टाळा.

बिलाबद्दल दोन गोष्टी. दिनारात १००० फिल्स असतात, म्हणून मेनूवर २.५०० लिहिलं असेल तर ते अडीच दिनार. दिनार भारी चलन आहे, अडीच डॉलरपेक्षा जास्त, त्यामुळे लहान आकडा बघून सैल सुटू नका. मोठ्या ठिकाणी छापील किमतीवर सेवाशुल्क, सरकारी लेव्ही आणि १० टक्के व्हॅट लागतो. सगळं मिळून बिल पाव पटीने वाढू शकतं. सेवाशुल्क घेतलं असेल तर वेगळी टीप देण्याची सक्ती नाही, तरी वाढणाऱ्याच्या हातात थोडं थेट द्यावं असं मी सुचवेन.

कुठे गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पुढे आला तर उजव्या हाताने घ्या. कप रिकामा झाला की पुन्हा भरला जातो. पुरे झालं की कप हलकेच हलवायचा, बोलावं लागत नाही.

घरी न्यायला हलवा घ्या. मुहर्रकमध्ये शुवैतर घराण्याची दुकानं आहेत, १८५० पासूनचा धंदा. केशर, वेलची, गुलाबपाणी, सुका मेवा घातलेला चिवट, चकचकीत हलवा गरम असतानाच डब्यात ओततात. आधी चव घेऊ देतात, केशराचा आणि साधा दोन्ही चाखून बघा. शेवटच्या दिवशी विमानतळावर जाता जाता घेतला तर वाकडी वाट पडत नाही, मात्र डबा मोठ्या बॅगेतच भरा. हातातल्या सामानात तो सुरक्षा तपासणीला अडवला जाऊ शकतो.