पंक्चर एकाचं, गारठला दुसराच

क्लबच्या हिवाळी सायकल राइडला मी स्वीप असतो. सगळ्यांच्या मागे राहायचं, कुणाला मागे सुटू द्यायचं नाही, आणि जादा ट्यूब, पंप, फॉइलचं ब्लँकेट, प्रथमोपचाराची पिशवी वागवायची. त्या रविवारी आम्ही 14 जण होतो, अंतर 62 किलोमीटर, तापमान 5 अंश, रात्री पाऊस पडून गेलेला. त्या राइडमधली 27 मिनिटं अजून डोक्यातून जात नाहीत.

38व्या किलोमीटरला, लांब चढ संपतो तिथे, एकाचं मागचं चाक बसलं. एक थांबला की सगळे थांबतात, असा क्लबचा नियम. नियम चांगला आहे, पण थांबायचं कुठे, हे त्यात नाही. जिथे हवा गेली तिथेच सगळे उभे राहिले. माथ्यावर आडोसा नाही, वारा अंदाजे ताशी 30 किलोमीटर. 5 अंशांत एवढा वारा असला की उघड्या कातडीला तो शून्य अंशासारखा लागतो. त्यात नुकताच चढ चढलेला, म्हणजे आतले कपडे घामाने ओले. पेडल मारताना स्नायू ऊब तयार करत असतात म्हणून ओल जाणवत नाही. थांबलं की पाच मिनिटांत ती हाडापर्यंत पोचते. 300 मीटर पुढे दरडीचा आडोसा होता. सायकल हातात धरून तिथवर चालत जायला चार मिनिटं लागली असती.

ओल्या रस्त्यावर पंक्चर जास्त होतात. पाऊस कडेची बारीक काच आणि कच रस्त्यात आणतो, ती ओल्या टायरला चिकटते, आणि पाणी वंगणाचं काम करत असल्याने रबर सहज चिरतं. आमच्या गड्याने सहा मिनिटांत नवी ट्यूब घातली, 16 ग्रॅमच्या सीओटू, म्हणजे दाबून भरलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूच्या काडतुसाने हवा भरली. सगळे सायकलीवर बसायच्या आत चाक पुन्हा बसलं.

ट्यूब बदलणं हे निम्मंच काम. भोक कशाने पडलं ते शोधणं हे उरलेलं निम्मं, आणि घाईत नेमकं तेच राहतं. टायर चढवताना त्यावरचं नाव कायम व्हॉल्व्हच्या समोर ठेवावं. मग काढलेल्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती ओठांजवळून फिरवली की भोक सापडतं, ते व्हॉल्व्हपासून किती वीत आहे ते मोजायचं आणि टायरवर त्या नावापासून तेवढ्याच अंतरावर, दोन्ही बाजूंना, शोधायचं. इथे नाव भलतीकडेच होतं आणि टायर केव्हाच सुटा झाला होता, त्यामुळे अख्खा टायर तपासावा लागला. निघाली ती ट्रकच्या फाटलेल्या टायरमधली पोलादी तार, केसाएवढी. अशी तार नुसतं बोट फिरवून लागत नाही, टायर मोकळा असला की ती रबरात दबून राहते. टायर उलटा वाकवत आतून रुमाल फिरवला, धागा अडकला तिथे ती होती. पिशवीतल्या चिमट्याने ओढून काढली. असा चिमटा प्रत्येक गटात एक तरी हवाच.

टायरची कड रिमवर चढवताना गारठलेल्या अंगठ्यांत जोर उरला नव्हता. व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवायचं, आणि आधी बसलेली कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत यायचं. तेवढी ढिलाई पुरते. टायर उचकटायची लिव्हर लावली की नवी ट्यूब चिमटायची भीती असते. दुसरं काडतूस तर वायाच गेलं. वायू सुटताना काडतूस इतकं थंड होतं की त्यावर हिम धरतं. गड्याने ते उघड्या हातांनी धरलं, चटका बसल्यासारखा हात झटकला आणि तोंड व्हॉल्व्हवरून निसटलं. मग हातपंप, दीड-दोनशे हात.

काम करणारे तिघे ऊबेत होते. बाकीच्यांकडे माझं लक्ष नव्हतं.

आमच्यात एक काका आहेत, साठी ओलांडलेले, सडपातळ, कमी बोलणारे. ते कडेला हँडल धरून उभे होते. मी दोनदा विचारलं, "काका, ठीक ना?" दोन्ही वेळा उत्तर तेच, "हो हो, चालू द्या तुमचं." हा प्रश्नच निकामी आहे. गारठत चाललेल्या माणसाला स्वतःचं गारठणं नीट कळत नाही, आणि आपल्यामुळे खोळंबा व्हावा असं गटात कुणालाच वाटत नाही. विचारण्यापेक्षा काहीतरी करायला सांगावं: अंगठा करंगळीला टेकवा, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढा. निघताना काकांना हेल्मेटचं बक्कल लावता येईना, तेव्हा मला कळलं. शब्दही जड येत होते. थरथर चालू होती, ही त्यातल्या त्यात बरी खूण, शरीर अजून स्वतः ऊब तयार करत असतं. थरथर थांबली आणि माणूस भांबावला तर खरा धोका. शरीराच्या आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया म्हणतात, पण रस्त्यावर ते मोजणार कोण? खुणांवरच काम करावं लागतं.

त्यांना दरडीच्या आडोशाला नेलं. ओला टी-शर्ट काढून कोरडा थर, वर वारा अडवणारं जाकीट, टोपी, मग फॉइल. बसायला खाली पाठपिशव्या, कारण थंड जमीनही ऊब ओढते. नुसतं फॉइल पुरत नाही, ते ऊब परत फेकतं, तयार करत नाही. थर्मासमधलं गरम गोड पेय दिलं, तेही ते शुद्धीत होते आणि नीट गिळत होते म्हणून. एकजण हातपाय चोळायला पुढे आला, त्याला थांबवलं. अशा वेळी चोळायचं नसतं. ऊब द्यायची ती छाती-पोटाला.

लीड, म्हणजे पुढे राहून गट नेणारा, म्हणाला, "पेडल मारले की होतील गरम." पुढे 6 किलोमीटर उतार होता. उतारावर पेडल कोण मारतो? वेग 40, तोच वारा आणखी बोचरा, आणि ब्रेक दाबायला बोटं नाहीत. मी गाडी बोलावली. लीडला ते अजूनही अति वाटतं. सरासरी वेगाच्या आकड्यावरून ज्याची नजर हटत नाही, त्याने हिवाळ्यात लीड करू नये, असं माझं मत झालंय.

आमच्याच क्लबचे पायी भटकणारे हे जास्त चांगलं करतात. त्यांचा आराखडा 1892 सालच्या नेस्मिथच्या नियमावर बसवलेला असतो: 5 किलोमीटरला 1 तास, वर प्रत्येक 600 मीटर चढाईला आणखी 1 तास, आणि थांबे त्याहून वेगळे धरायचे. थांबायच्या आधी, अंग गरम असतानाच, जाकीट चढतं. आमच्या सायकलींच्या आराखड्यात अंतर भागिले सरासरी वेग, 62 भागिले 20, एवढंच असतं. रस्ता आहे म्हणजे सुरक्षित आहे, हा समज त्यामागे आहे.

गाडीत बसवताना काकांच्या जाकिटाच्या मागच्या खिशात कोरडे लोकरीचे हातमोजे सापडले. निघताना यादीत 'जादा हातमोजे' समोर मीच खूण केली होती. खिशाची चेन बंद होती, तिची पट्टी नखाएवढी. हल्ली मी निघण्यापूर्वी प्रत्येकाला हातमोजे घालूनच सगळे खिसे उघडायला लावतो, आणि ज्याची पट्टी पकडता येत नाही तिला दोरीचा फास बांधतो.

"मी दोनदा ओढून पाहिली," काका म्हणाले होते. "मग म्हटलं, जाऊ दे, निघतीलच आता."