तिसऱ्या सिलिंडरचे तीन दिवस

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पूर ओसरल्यावर माझ्या मिरजेच्या गॅरेजसमोर टोचन करून आणलेल्या गाड्यांची जी रांग लागली, तीत एका निवृत्त गुरुजींची १२०० सीसी, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी होती. पाणी उतरताच गुरुजींच्या मुलाने चालू होते का पाहावे म्हणून स्टार्टर मारला होता. पाणी हवेसारखे दाबले जात नसल्याने वर येणारे पिस्टन त्यावर अडले आणि दोन कनेक्टिंग रॉड वाकले. खर्चाचा हिशेब मांडल्यावर त्याच मॉडेलचे वापरलेले इंजिन बसवणे सोयीचे ठरले. ते पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून आणले, नव्या इंजिन क्रमांकाच्या नोंदीसाठी आरटीओतील खेटे गुरुजींनी स्वतः घातले, आणि दसऱ्याच्या आधी मी गाडी त्यांच्या ताब्यात दिली.

दहाव्या दिवशी ती परत आली. रत्नागिरीहून येताना साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढताना गाडी मिसिंग करू लागली, म्हणजे धक्के देत चालू लागली होती आणि डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लुकलुकत होता. हा दिवा नुसता पेटून राहिला तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत आणता येते. लुकलुकू लागला तर न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळण्याची भीती असते. स्कॅनरने पी-०३०३ हा कोड दाखवला, म्हणजे मिसफायर, पेट्रोल नीट न पेटणे, तिसऱ्या सिलिंडरमध्ये. उभ्या गाडीत मात्र इंजिन घड्याळासारखे चालत होते. उड्डाणपुलाच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये पॅडल दाबले की मग धक्के सुरू होत.

पहिल्या दिवशी मी तिसऱ्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणाऱ्या भागाची, अदलाबदल केली, मग प्लगची. दोष तिसऱ्यातच राहिला. रेल उतरवून पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बदलून पाहिले, तरी तेच. दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजले, तर चारही सिलिंडर १८० पीएसआयच्या आसपास, म्हणजे ठीक निघाले. सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या गास्केटवर क्लीनर फवारला, पण हवा कोठूनही ओढली जात नव्हती. कॉइलच्या कनेक्टरपर्यंतचे वायरिंगही मल्टिमीटरने तपासले. तिसऱ्या कॉइलच्या अर्थिंगच्या तारेवर तार अखंड असल्याचा बीप आला आणि आकडा ०.८ ओम दिसला. मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवल्या तरी ०.३ दिसतच होते, तेव्हा उरलेला अर्धा ओम मी किरकोळ समजून सोडून दिला. माझी चूक येथे झाली, आणि ती अज्ञानातून झाली असे म्हणून मला सुटता येणार नाही. इंजिन जुन्या बाजारातले आहे, एखाद्या व्हॉल्व्हची स्प्रिंग मऊ पडली असेल, हे मी मनाशी आधीच ठरवून टाकले होते. घरात काही बिघडले की आळ नव्या सुनेवर येतो, तसेच हे होते. त्या संध्याकाळी मी व्यापाऱ्याला फोन करून चार कडक शब्दही सुनावले. "मिस्त्री, इंजिन तुमच्यासमोर चालू करून दिलं होतं," एवढेच तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी व्हॉल्व्ह पाहायला हेड उतरवण्यासाठी कॉइल काढताना कनेक्टरच्या खाचेत वाळलेल्या गाळाची बारीक रेघ दिसली आणि मी पाना खाली ठेवला. इंजिन पुण्याचे होते, पण त्यावर चढवलेले वायरिंग गुरुजींच्याच गाडीचे होते, आणि ते कृष्णेच्या पाण्यात चार दिवस भिजलेले होते.

मल्टिमीटर तारेतून अगदी क्षीण प्रवाह सोडतो, तर कॉइल क्षणभर का होईना सहा-सात अँपिअर ओढते. म्हणून तारेची खरी परीक्षा भार टाकूनच होते. मी ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब घेऊन इग्निशन चालू ठेवून कनेक्टरच्या पॉझिटिव्ह आणि अर्थच्या पिनांना जोडला. दुसऱ्या सिलिंडरच्या कनेक्टरवर तो लख्ख पेटला, तिसऱ्यावर पिवळट. बल्ब तसाच ठेवून अर्थची पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांमध्ये व्होल्टेज मोजले, तेव्हा दुसऱ्यावर ०.१ आणि तिसऱ्यावर तब्बल २.१ व्होल्ट आले. कॉइलच्या प्राथमिक गुंडाळीचा स्वतःचा रोधच एक ओमच्या आत असताना तेथे अर्धा ओम किरकोळ कसा असेल? भार नसलेल्या इंजिनात अशक्त ठिणगीही भागवून नेते. चढावर सिलिंडरमधला दाब वाढला की प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागते, आणि ते द्यायला त्या कॉइलकडे ताकद उरलेली नव्हती.

वायरिंगवरची टेप सोलत गेलो. चारही कॉइलचे अर्थ जेथे एकत्र येतात त्या जोडापाशी तिसरी तार सापडली. वरचे आवरण धड होते, पण ते कापल्यावर आत हिरवी पूड निघाली आणि शाबूत धागे तीन-चारच उरले होते. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, तशी ती तांब्याची तार आतून कळकली होती. खराब भाग कापून नवी तार डाग देऊन जोडली, वर नळी चढवली, आणि उड्डाणपुलावर चार फेऱ्या मारल्या. स्कॅनरवरचा मिसफायरचा आकडा शून्यावर स्थिर राहिला.

बाकीची टेप सोलली तेव्हा आणखी दोन जोडांवर हिरवी छटा दिसली. ते गुरुजींना दाखवले आणि इंजिनचे वायरिंग पूर्ण बदलायला सुचवले. ते दिवाळीनंतर करू म्हणाले, म्हणून तूर्त तेवढे दोन जोड नवे करून दिले. तीन दिवसांची मजुरी मी बिलात धरली नाही. दुपारी पुण्याला फोन लावला, तेव्हा व्यापाऱ्याने माझे सगळे ऐकून घेतले आणि पुढच्या इंजिनाला पैसे आगाऊ लागतील असे सांगितले.