अर्जुन देशवाल आपल्याकडे होता

प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाचा लिलाव ३१ मे आणि १ जून २०२५ या दोन दिवशी मुंबईत झाला, तेव्हा आमच्या हर्णै बंदरात होड्या वर ओढून शाकारण्याची घाई चालली होती. १ जूनपासून यांत्रिक मासेमारीला बंदी लागते. त्यामुळे एरवी सुवर्णदुर्गाच्या पलीकडे असणारी माणसे या दिवसांत किनाऱ्यावर सापडतात आणि संध्याकाळी जिथे मासळीचा लिलाव चालतो, तिथेच बसून खेळाडूंच्या लिलावावर वाद घालतात. यू मुंबाने, म्हणजे या स्पर्धेतल्या आमच्या मुंबईच्या संघाने, कोणाला राखले, कोणाला सोडले, कोणासाठी किती मोजले, हा आमच्याकडे सुरमईच्या भावाइतकाच जिव्हाळ्याचा विषय आहे.

या वादात दरवर्षी एक वाक्य हमखास ऐकू येते, ते म्हणजे "मालक हात आखडता घेतात." दुसऱ्या संघाने दोन कोटींच्या वर बोली लावली आणि आपल्या संघाने लावली नाही, की हे वाक्य आलेच. मला हा आक्षेप मुळापासून चुकीचा वाटतो. या स्पर्धेत प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करण्यासाठी सारखीच रक्कम ठरवून दिलेली असते. दहाव्या हंगामापासून ती पाच कोटी रुपये आहे. तेवढ्यात अठरा ते पंचवीस खेळाडूंचा ताफा उभा करायचा असतो. मालक कितीही श्रीमंत असला तरी त्याला सहावा कोटी बाहेर काढता येत नाही, आणि म्हणून एका खेळाडूला दिलेला प्रत्येक रुपया दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचा असतो.

माझा भाचा लॉस एंजेलिसला असतो आणि तिथल्या बेसबॉलच्या नादी लागला आहे. त्यांच्या डॉजर्स संघाने डिसेंबर २०२३ मध्ये शोहेई ओहतानी या जपानी खेळाडूशी दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार केला, आणि त्यातले ६८ कोटी करार संपल्यानंतर द्यायचे ठरवले. बेसबॉलमध्ये खर्चाला पक्की कमाल मर्यादा नाही. ठरावीक रकमेच्या पुढे गेल्यास कर भरावा लागतो, एवढेच. डॉजर्सने २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे मिळवल्यावर इतर संघांचे चाहते आपापल्या मालकांवर कंजूषपणाचा आरोप करतात, आणि तिथे त्या आरोपाला निदान अर्थ तरी आहे. आपल्याकडे तो आरोप लागूच पडत नाही. आपल्याकडे विचारायचा प्रश्न एकच आहे. ठरलेले पाच कोटी नेमके कोणावर घातले आणि कोणाला हातचे जाऊ दिले?

या प्रश्नावर माझे आणि तात्यांचे गेली सहा-सात वर्षे जमलेले नाही. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. मासळीचा व्यापार करतात आणि तरुणपणी उत्तम पकडी करायचे. मी स्वतः गावच्या मंडळाकडून उजव्या कव्हरला, म्हणजे कोपऱ्याच्या आतल्या बाजूच्या पकडीच्या जागेवर, बारा वर्षे खेळलो. आमच्या वादाची सुरुवात सिद्धार्थ देसाईपासून झाली.

सहाव्या हंगामासाठी, म्हणजे मे २०१८ मध्ये, यू मुंबाने इराणच्या फजल अत्राचलीला एक कोटी रुपयांना घेतले. या स्पर्धेत कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला खेळाडू. त्याच लिलावात कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ आपल्याला ३६ लाख ४० हजारांत मिळाला. फजलवर त्या वेळी आमच्या गावात बरीच टीका झाली, कारण तीन महिन्यांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य फेरीत भारताला हरवले आणि सुवर्णपदक नेले. "त्यालाच आपण कोटी देतो," असे लोक म्हणत. पण फजलला डाव्या कोपऱ्यात उभा राहिलेला ज्याने नीट पाहिला, त्याची तक्रार फार दिवस टिकली नाही. तो वाकून उभा असतो, नजर चढाईपटूच्या चेहऱ्यावर नसते, घोट्यावर असते. चढाईपटू बोनस गुणासाठी मागच्या रेषेपलीकडे पाय टाकतो त्या क्षणी त्याचे वजन दुसऱ्या पायावर आलेले असते, आणि फजल झेप घेतो ती नेमकी त्याच पायावर. हात आधी पोहोचतात, अंग मागून येते. घोटा एकदा दोन्ही हातांत आला की तो छातीशी आवळून धरतो, आणि तोवर कव्हरचा खेळाडू वरून येऊन पोहोचलेला असतो. मातीवर खेळणाऱ्या आमच्या पोरांनी ही पकड टीव्हीवर बघून शिकायचा प्रयत्न केला आणि कोपरे सोलून घेतली, पण शिकली.

त्याच हंगामात सिद्धार्थने चढायांत २१८ गुण मिळवले. पुढच्या लिलावात तो एक कोटी ४५ लाखांना तेलुगू टायटन्सकडे गेला आणि यू मुंबाने त्याला परत घेतले नाही. मला तेव्हा मनापासून राग आला होता. आपल्याच राज्यातला मुलगा, आपल्याच संघात नावारूपाला आला, आणि आपणच त्याला सोडला, ही गोष्ट माझ्या गळी उतरत नव्हती. तात्यांनी तेव्हा मला शांतपणे विचारले होते, "अरे, एकाला दीड कोटी दिलेस तर पकडी कोण करणार? तू?"

तात्यांचे बरोबर होते, हे मान्य करायला मला तो हंगाम जावा लागला. सिद्धार्थ तेलुगू टायटन्सकडूनही उत्तम खेळला, पण त्याचा संघ बाद फेरीच्या जवळपासही आला नाही. इकडे फजलच्या नेतृत्वाखाली यू मुंबाने २०१९ मध्ये उपांत्य फेरी गाठली आणि पुढे विजेता ठरलेल्या बंगाल वॉरियर्सकडून केवळ दोन गुणांनी, ३५-३७ असा पराभव पत्करला. एका चढाईपटूवर तिजोरी रिकामी न करता वाचवलेल्या पैशात संदीप नरवालसारखा, चढाई आणि पकड दोन्ही करणारा खेळाडू ८९ लाखांत आणता आला. महागडा झालेला खेळाडू सोडणे हा अपराध नव्हे, हे मी तेव्हा शिकलो.

पण त्याच संघात एक नवा, फारसा कोणाला माहीत नसलेला पोरगा होता, आणि माझे खरे दुःख त्याच्याविषयी आहे. त्याचे नाव अर्जुन देशवाल. उत्तरेकडचा मुलगा, सातव्या हंगामात यू मुंबाकडून पहिल्यांदा मॅटवर उतरला. त्याच्या चढाईत दिखाऊपणा नव्हता. निदान रेषेपर्यंत, म्हणजे चढाईत ओलांडावी लागते त्या रेषेपर्यंत, जायचे, बोनस घ्यायचा, कोपऱ्यातल्या खेळाडूला पुढे यायला लावायचे आणि त्याच्याच हाताला स्पर्श करून परतायचे, असे साधे सरळ काम होते. त्याला तेव्हा राखून ठेवायला हवे होते. आठव्या हंगामाच्या लिलावात जयपूर पिंक पँथर्सने त्याला ९६ लाखांना घेतले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये जयपूरने पुणेरी पलटणला ३३-२९ असे हरवून अजिंक्यपद मिळवले, तेव्हा त्या हंगामात अर्जुनच्या नावावर चढायांचे २९६ गुण जमा झाले होते. त्या रात्री मी टीव्ही बंद करून बराच वेळ ओटीवर बसून होतो. सिद्धार्थ गेला तेव्हा त्याची किंमत बाजाराला कळलेली होती. अर्जुनची किंमत आपल्याला घरात असूनही कळली नाही.

ही चूक किती जवळून होते, ते मी आमच्याच गावात पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी शिमग्यानंतरच्या रात्रीच्या सामन्यांसाठी एका मंडळाने वर्गणीच्या पैशातून बाहेरचे दोन चढाईपटू आणले होते. मी त्या मंडळाकडूनच खेळत होतो. दोघांना मिळून आठ हजार रुपये, शिवाय येण्याजाण्याची गाडी आणि जेवण. त्यांच्यासाठी जी दोन पोरे बसवली, त्यातला एक पाजपंढरीचा होता, सतरा वर्षांचा, सडपातळ, पहाटे होडीवरून येऊन संध्याकाळी सरावाला हजर राहणारा. पाहुणे खेळाडू चांगले होते, पण त्यांना आमच्या पकडीच्या साखळ्या माहीत नव्हत्या आणि आम्हाला त्यांच्या परतण्याच्या वाटा माहीत नव्हत्या. दुसऱ्या फेरीत आमचा सगळा संघ दोनदा बाद होऊन आमच्यावर दोन लोण चढले आणि आम्ही घरी आलो. पुढच्या वर्षी तो मुलगा दुसऱ्या गावाकडून खेळायला गेला आणि आमच्याविरुद्ध एका चढाईत तीन गडी मारून गेला. त्यातला एक मी होतो. बाहेरचे खेळाडू आणल्याचा मला पश्चात्ताप नाही. त्या मुलाला वर्षभर सरावात रोज पाहूनही आमच्यापैकी एकालाही तो दिसला नाही, ही माझी खंत आहे.

अर्जुन गेल्यानंतरचा यू मुंबाचा काळ मला फार जड गेला. ज्या संघाने पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरी गाठली, आणि २०१५ मध्ये अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली बेंगळुरू बुल्सला ३६-३० असे नमवून अजिंक्यपद मिळवले, तोच संघ आठव्या, नवव्या आणि दहाव्या हंगामात बाद फेरीतही पोहोचला नाही. या पडत्या काळात खर्च कमी झाला, असे अजिबात नाही. नवव्या हंगामात गुमान सिंगला एक कोटी २१ लाख दिले, दहाव्यात त्यालाच पुन्हा ८५ लाखांना घेतले. गुमानचा यात दोष नाही. पण फजल त्याच नवव्या हंगामात एक कोटी ३८ लाखांना पुण्याकडे गेला होता, आणि डावा कोपरा उघडा पडलेल्या संघाला चढाईपटू कितीही चांगला मिळाला तरी तो मिळवलेले गुण समोरून परत जाताना पाहत राहतो.

मोठ्या बोलीचा भरवसा किती कमी, याचे उदाहरण चढाईपटू पवन सेहरावत इतके बोलके दुसरे नाही. तमिळ थलैवाजने २०२२ मध्ये त्याच्यासाठी दोन कोटी २६ लाख मोजले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि तो पूर्ण हंगाम बाहेर राहिला. तरीही तो संघ उपांत्य फेरीत गेला, कारण मागे उरलेली पोरे एकमेकांना धरून खेळली. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला दोन कोटी साठ लाखांच्या वर नेले, आणि तो संघ २२ पैकी फक्त दोन सामने जिंकून तळाला राहिला.

याउलट पुण्याकडे पाहावे. पुणेरी पलटणने अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे यांच्यासारख्या तरुण मुलांना हंगामामागून हंगाम एकत्र ठेवले. अंतिम सामना हरल्यावरही ती फळी मोडली नाही. तिला जिथे कमी पडत होते तिथेच, म्हणजे पकडीत, इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर दोन कोटी ३५ लाख खर्च केले आणि मार्च २०२४ मध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून अजिंक्यपद मिळवले. दोन कोटींच्या वरची ती बोली सर्वांच्या लक्षात राहिली. त्याआधी दोन वर्षे न सोडलेली पोरे मात्र कोणाच्या लक्षात राहिली नाहीत. यू मुंबाचा चाहता असूनही मला पुण्याचा हेवा वाटला, हे मी तात्यांसमोर कबूल केले आहे.

आमच्याकडे काहीजण मराठी मुलांनाच घ्या, असा हट्ट धरतात. मला तो मान्य नाही. ज्या अनुप कुमारच्या नावाने आमच्या गावात पोरांनी जर्सी शिवून घेतल्या, तो हरियाणाचा, आणि फजल तर समुद्रापलीकडचा. कोकणातल्या आणि घाटावरच्या मुलांकडे संघाने बारकाईने पाहावे असे मी म्हणतो, त्याचे कारण वेगळे आहे. मुंबईच्या संघाची माणसे गुहागर, चिपळूण, रोहा, अलिबागच्या रात्रीच्या सामन्यांना एका एस. टी.च्या प्रवासात पोहोचू शकतात, आणि तिथे खेळणाऱ्या मुलाची किंमत अजून कोणी ठरवलेली नसते.

अकराव्या हंगामात याची चाहूल लागली. संघाने बचावासाठी सुनील कुमारवर एक कोटी दीड लाख रुपये घातले, त्याच्या हाती नेतृत्व दिले, आणि चढायांचा मोठा भार महाराष्ट्राच्याच अजित चौहानने उचलला. यू मुंबा पुन्हा बाद फेरीत गेला. डिसेंबर २०२४ मध्ये पाटणा पायरेट्सने आपल्याला २३-३१ असे हरवले, तरी तो पराभव मला टोचला नाही. नंतरच्या लिलावाआधी राखलेल्या खेळाडूंची यादी आली, त्यात सुनील होता आणि अजितही होता.

ती यादी मी तात्यांना बंदरावर वाचून दाखवली, तेव्हा ते होडीवर झापे बांधणाऱ्या गड्यांकडे पाहत होते. अजितचे नाव ऐकल्यावर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हा राहिला ना? मग उरलेल्या पैशाचं काय ते करू देत."