गृहीतक कुठे वापरले? गणिताची पदवी ते विमा-गणित : माझा अनुभव

विद्यापीठात गणित हा विषय घेतला तेव्हा मला गणित चांगले येते, अशी माझी पक्की समजूत होती. शाळेत गणित येणे म्हणजे उत्तर बरोबर येणे. वास्तव विश्लेषणाच्या, म्हणजे कलनशास्त्राचा तर्कशुद्ध पाया तपासणाऱ्या विषयाच्या तासाला मात्र उत्तर आधीच फळ्यावर लिहिलेले असे आणि ते खरे का आहे, एवढेच दाखवायचे असे. पहिल्या चाचणीत मी नापास झाले.

सीमेची, म्हणजे फल ज्या किमतीच्या हव्या तितक्या जवळ जाते तिची, एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या मला पाठ होती, पण ‘प्रत्येक’ आणि ‘असा एक तरी’ या शब्दांचा क्रम बदलला की विधानच बदलते, हे उमगले नव्हते. ते उमगले एका साध्या उदाहरणाने. शून्य ते एक या अंतरात एक्स, एक्सचा वर्ग, एक्सचा घन अशी फले घेत गेलो, तर प्रत्येक फल सतत असते, म्हणजे त्याचा आलेख कुठे तुटत नाही. घात वाढत गेला की एकापेक्षा लहान प्रत्येक एक्ससाठी किंमत शून्याकडे जाते, पण एकाच्या ठिकाणी ती एकच राहते. म्हणजे सतत फलांची सीमा सतत राहिली नाही. प्रत्येक बिंदूवर स्वतंत्रपणे होणारे अभिसरण (सीमेकडे जाणे) आणि सर्व बिंदूंवर एकाच वेगाने होणारे एकसम अभिसरण यांतला फरक इथे डोळ्यांना दिसतो. पुढे वाचनात आले, की सतत फलांच्या अभिसारी श्रेढीची बेरीजही सततच असते, असे विधान प्रत्यक्ष कोशी या फ्रेंच गणितीने 1821 मध्ये केले होते आणि त्याला अपवाद असल्याचे आबेल या नॉर्वेच्या गणितीने 1826 मध्ये दाखवले. ज्या जागी मी अडखळले, तिथे एवढा मोठा गणितीही अडखळला होता, याने मला फार धीर आला.

आमच्या प्राध्यापकांची एक सवय होती. कोणीही सिद्धता मांडली, की ते शांतपणे विचारत, ‘यात गृहीतक कुठे वापरले?’ मी हीच अभ्यासाची पद्धत केली : प्रमेयातले एक गृहीतक झाकायचे, सिद्धता नेमकी कोणत्या ओळीत कोसळते ते शोधायचे आणि प्रमेय खोटे ठरवणारे उदाहरण स्वतः रचायचे. एका पानाला कधी पूर्ण संध्याकाळ लागे, पण दुसऱ्या सत्रापासून पाठांतर जवळजवळ थांबले. गणिताच्या पदवीतून मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट माझ्या मते हीच आहे.

पुढची वर्षे त्या मानाने सुरळीत गेली. एक चूक मात्र आवर्जून सांगावीशी वाटते. संगणकीय गणित आणि सांख्यिकी हे विषय शुद्ध गणितापेक्षा कमी प्रतीचे आहेत, असा समज आमच्यात होता. तो मीही बाळगला आणि प्रोग्रॅमिंग शेवटच्या वर्षापर्यंत टाळले. नोकरीच्या मुलाखतींमध्ये शुद्ध गणितातल्या गटसिद्धान्ताबद्दल मला कोणीही विचारले नाही. सशर्त संभाव्यतेचे एखादे उदाहरण समजावून सांगा, समोरच्या आकडेवारीवर एक छोटा प्रोग्रॅम लिहा, असेच प्रश्न येत. ती उणीव भरून काढण्यात माझे जवळजवळ वर्ष गेले. सांकेतिक लेखनशास्त्राकडे (क्रिप्टोग्राफीकडे) वळलेल्या माझ्या मैत्रिणीला तुलनेने लवकर संधी मिळाली, कारण मूळ संख्यांवर आधारलेल्या, 1977 मध्ये मांडल्या गेलेल्या आरएसए या संदेश गुप्त ठेवण्याच्या पद्धतीमागचा संख्यासिद्धान्त तिला येत होताच, शिवाय ती पद्धत संगणकावर उतरवूनही दाखवता येत होती.

मी विमा क्षेत्रात आले. आयुर्मानाच्या आकडेवारीवरून वर्षासनाची, म्हणजे हयात असेपर्यंत दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याच्या कराराची, किंमत काढण्याचा मार्ग खगोलशास्त्रज्ञ हॅलेने 1693 मध्ये, ब्रेस्लाऊ शहरातील जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या आधारे दाखवला होता. आमचे काम त्याच वाटेवरचे आहे. सुरुवातीच्या महिन्यांत पती-पत्नींच्या संयुक्त वर्षासनाचे एक गणित माझ्याकडे तपासायला आले. दोघांपैकी एक जरी हयात असेल तोवर रक्कम देत राहायची होती आणि गणितात दोघांच्या जगण्याच्या संभाव्यतांचा सरळ गुणाकार केलेला होता. गुणाकार दिसताच जुना प्रश्न आठवला. इथे दोन्ही मृत्यू परस्पर-स्वतंत्र आहेत, असे गृहीत धरले होते. पण त्यांचे राहणीमान सारखे असते, शिवाय जोडीदार गेल्यानंतरच्या काळात मागे राहिलेल्याच्या मृत्यूचा धोका वाढतो, हे आकडेवारीतून दिसत आलेले आहे. अशा परस्परसंबंधामुळे दोघेही हयात असण्याची संभाव्यता गुणाकारापेक्षा जास्त येते, म्हणून निदान एक हयात असण्याची कमी होते आणि स्वतंत्रतेच्या गृहीतकावर काढलेली किंमत वाजवीपेक्षा जास्त ठरते. मी एक पानाचे टिपण लिहून दिले. ते स्वीकारले गेले आणि दुरुस्त गणित मांडण्याचे कामही मलाच मिळाले.

ॲक्चुअरी, म्हणजे विमा-गणितज्ञ, होण्यासाठी नोकरी सांभाळून द्याव्या लागणाऱ्या परीक्षांची मालिका अनेक वर्षे चालते. माझे अजून काही पेपर राहिले आहेत. सध्या यादृच्छिक प्रक्रियांचा, म्हणजे काळानुसार योगायोगाने बदलत जाणाऱ्या राशींचा, अभ्यास चालू आहे आणि त्यात सीमा व संकलन (इंटिग्रेशन) यांची अदलाबदल केव्हा करता येते, हा प्रश्न पुन्हा समोर आला आहे.