फक्त तोंड, बाकी सगळा अंधार

ब्रिटिश अभिनेत्री बिली व्हाइटलॉ म्हटलं की बऱ्याच जणांना 'द ओमेन' मधली ती थंड डोळ्यांची आया आठवते, १९७६चा पिक्चर. पण तिचं जे काम मला सगळ्यात भारी वाटतं त्यात डोळेच नाहीयेत. नाक नाही, हात नाहीत, चेहराच नाही. ओठ, दात, जीभ, थुंकी, बस. नाटककार सॅम्युएल बेकेटचं छोटंसं नाटक, 'नॉट आय'. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरला तिने ते जानेवारी १९७३ मधे केलं, मग १९७५ मधे कॅमेऱ्यासमोर केलं आणि बीबीसीने १९७७ मधे दाखवलं. पाऊण तास वगैरे नाही, पंधरा मिनिटांच्या आत खेळ खलास.

गोष्ट म्हणाल तर आहे आणि नाही पण. सत्तरीला आलेली एक बाई, जन्मतःच आईबापांनी टाकलेली, आयुष्यभर जवळजवळ मुकी, एप्रिल महिन्यात माळावर फुलं शोधत फिरताना अचानक सगळं काळोखं होतं, डोक्यात घोंघावायला लागतं आणि तोंडातून शब्द सुटतात ते थांबतच नाहीत. सुपरमार्केट येतं, कोर्ट येतं, तळहातावर पडलेला अश्रू येतो. आणि हे सगळं दुसऱ्याच कुणा बाईचं आहे असा तिचा हट्ट. आतून कुणीतरी टोकतंय की अगं ही तूच, आणि ती किंचाळते, नाही, मी नाही, ती! एकदा नाही, पाच वेळा.

लोक स्पीडचंच कौतुक करतात. आहेच तो अचाट, मान्य. पुढे लिसा ड्वान हिने व्हाइटलॉकडूनच धडे घेऊन हे नाटक नऊ-दहा मिनिटांत केलं, ते पण जबरदस्त. पण मला हा घड्याळाचा खेळ फारसा कळत नाही. व्हाइटलॉचं खरं काम मला ती थांबते तिथे दिसतं. 'दयाळू' म्हणते, मग छोटंसं हसते, मग 'देव' म्हणते आणि खदखदून हसते. किंवा किंकाळी मारून एकदम गप्प, काहीतरी ऐकतेय अशी. चेहरा नसताना 'ऐकणं' दाखवायचं कसं? ओठ अर्धे उघडे ठेवून ती ते दाखवते, आणि आपल्याला कळतं पण!

यामागे काय हाल होते बघा. स्टेजवर ते तोंड जमिनीपासून आठेक फूट उंच, लाईट फक्त तेवढ्यावर. म्हणजे डोकं इंचभर हललं तरी संपलं. म्हणून तिला खुर्चीला बांधायचे, डोकं पकडीत घट्ट, डोळे झाकलेले. रिहर्सलला ती कोसळली, आपण अंतराळात गरगर फिरतोय असं तिला वाटायला लागलं. आणि ही तीच बाई जी लहानपणी तोतरी बोलायची, ते सुटावं म्हणून आईने तिला नाटकात घातलं होतं. मी काही याचा मोठा अर्थ काढत बसणार नाही, पण ती जीभ अडखळायच्या काठाकाठाने धावताना बघते तेव्हा हे डोक्यात येतंच.

रेकॉर्डिंग म्हणजे नाटकाची शिळी आवृत्ती असं आपण सहज म्हणतो, मी पण म्हणते. इथे मात्र उलटं झालंय असं माझं मत. थिएटरात मागच्या रांगेतून ते तोंड म्हणजे अंधारातला एक ठिपका असणार. पडद्यावर तेच अख्खी फ्रेम भरून येतं, आणि दोन मिनिटांनी ते तोंड आहे हेच विसरायला होतं, कुठलातरी प्राणी वळवळतोय असं वाटतं, किळस पण येते जराशी. दम कुठे घेतला, थुंकीचा बुडबुडा कधी फुटला, सगळं दिसतं. कट नाही, लपायला जागा नाही.

एक गोष्ट गेली. मूळ नाटकात बाजूला एक आकृती उभी असते, नखशिखांत झाकलेली, अधूनमधून हताशपणे हात उचलणारी. फिल्ममधे ती काढलीये. क्लोजअपमधे बसणारच नव्हती म्हणा, पण त्यामुळे ऐकणारं कुणीच उरत नाही आणि ती जागा आपल्यावर येते. मला हे आवडलं, पण ज्यांनी स्टेजवर पाहिलंय ते भांडतील.

बघायचं असेल तर सबटायटल्स बंद करून, हेडफोन लावून बघा. शब्द सुटले तर सुटू देत. बेकेटलाच ते प्रेक्षकांच्या बुद्धीवर नाही तर नसांवर चालायला हवं होतं, जेसिका टँडीने १९७२ मधे न्यूयॉर्कला पहिल्यांदा केलं तेव्हा तिला त्याने तसं कळवलं होतं.

आणि आवडलं तर लगेच बेकेटचंच 'रॉकबाय' शोधा, १९८१ मधे अमेरिकेत बफेलोला व्हाइटलॉनेच केलेलं, पेनबेकर आणि हेगेडस या डॉक्युमेंटरीवाल्यांनी शूट केलंय. तिथे बरोब्बर उलटं, चेहरा आहे, डोलती खुर्ची आहे, आवाज मात्र बहुतेक टेपवरून येतो आणि ती मधेच फक्त 'अजून' म्हणते. दोन्हीत जास्त अवघड कुठलं यावर माझं मत दर वेळी बदलतं, सध्या तरी 'रॉकबाय' पुढे आहे.