पुढून झिजलेली उजवी चप्पल

मे महिन्यातली दुपार. एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार असलेल्या ३४ वर्षांच्या ताई सासूबाईंसोबत राजारामपुरीतून रिक्षाने फिजिओथेरपीला आल्या. सासूबाई म्हणाल्या, "सकाळी झकास चालतीया की ही, मॅडम. दुपारीच कसा काय पाय ओढतोय?"

आधी मी ताईंची कोल्हापुरी हातात घेतली. डावी टाचेकडे झिजलेली, उजवी पुढच्या टोकाला. पाऊल उचलताना उजवा पंजा लोंबत होता.

६ मिनिटांची चालण्याची चाचणी घेतली. तिसऱ्या मिनिटापर्यंत चाल ठीक. चौथ्याला फरशीवर 'खर्र' असा आवाज आला. पाचव्याला चप्पल मागे राहिली आणि ताई दोन पावलं तशाच पुढे गेल्या. तळवा बधिर, चप्पल निघाल्याचं कळलंच नाही. मागे पट्टा नसलेली चप्पल अशा पायाला धोक्याचीच.

एमएसमध्ये चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होतं. अशा तंतूतून संदेश कसाबसा जातो, शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी अडू शकतो. व्यायामानंतर एमएसच्या रुग्णांची नजर अंधुक होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवलं होतं. मूळ कारण उष्णता, हे पुढे उमगलं.

ताईंना १५ मिनिटं पंख्याखाली बसवलं, मानेवर ओला नॅपकिन, प्यायला गार पाणी. पुन्हा चालवलं, तर 'खर्र' पाचवं मिनिट संपताना आला. तो सासूबाईंनीही ऐकला. हा आळस नव्हे, हे मग फारसं समजवावं लागलं नाही.

पाणी पिताना दुसरी गोष्ट निघाली. सकाळपासून पोटात फक्त एक कप चहा. लघवीची घाई होते, वाटेत सोय नसते, म्हणून पाणीच बंद. हे मी फार वेळा बघते आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो. पाणी तोडलं की लघवी गडद होते, जळजळ वाढते, संसर्गाची भीती. त्यातून ताप आला तर पाय आणखी जड.

रंकाळ्यावरचं फिरणं बंद करू नका म्हटलं, फक्त सकाळी साडेसहाला जा. ३ मिनिटं चाला, २ मिनिटं कट्ट्यावर बसा, असं चार वेळा. पायात मागे पट्टा असलेले बूट. पोटरीचा ताण ३० सेकंद, तीनदा. पंजा उचलून धरणाऱ्या स्प्लिंटचं माप त्याच दिवशी घेतलं.

गार झाल्यावर तासाभरात ताकद परतली तर घाबरायचं नाही. नवा अशक्तपणा २४ तासांहून जास्त टिकला तर ताप आणि लघवी तपासून न्यूरोलॉजिस्टना गाठायचं.

वहीत पावलं मोजू नका म्हटलं. 'खर्र' कितव्या मिनिटाला आला, तेवढंच लिहा.