ॲव्हरेज किती देते?

सांगलीत हल्ली एखादा माणूस कोणत्या पक्षाचा, हे विचारावं लागत नाही. त्याला गाडीचं ॲव्हरेज विचारायचं. "अहो, ५० द्यायची, आता ४० च्या वर जाईना. त्या पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलनं इंजिनाची पार वाट लावली" असं म्हणाला, की तो सरकारवर नाराज. "छे! काही फरक नाही, उलट पिकअप सुधारलाय" म्हणाला, की तो सरकारचा. दोघांची गाडी एकाच कंपनीची असते, दोघं एकाच पंपावर पेट्रोल भरतात, आणि टाकी फुल करून किलोमीटर मोजायचा उद्योग दोघांपैकी कुणीही केलेला नसतो. कशाला करतील? मत आधीच ठरलंय, त्याला शोभेल असा आकडा सांगितला की झालं.

आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्यांचा एक कट्टा आहे. माझ्या फेऱ्या झाल्या की मीही तिथे टेकते, श्वास जाग्यावर येईपर्यंत. कट्ट्याचे दोन खांब म्हणजे एक निवृत्त मास्तर आणि एक औषधाच्या दुकानाचे काका. मास्तर विरोधात, काका बाजूने. कशाच्या? ते महत्त्वाचं नाही. विषय सांगा, बाजू आपोआप ठरते. मास्तरांनी एखाद्या गोष्टीचं कौतुक केलं की काकांना त्यात खोट दिसते, आणि काकांनी केलं की मास्तरांना घोटाळा.

मी एकदा मध्येच तोंड घातलं. म्हटलं, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा २० टक्के मिसळल्यावर ढोबळ हिशेबाने सहा-सात टक्क्यांचा फटका बसणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के असाच अंदाज आहे. म्हणजे तुमच्या दुचाकीच्या ५० चे झाले ४८. हा ४८ चा आकडा दोघांनाही आवडला नाही. मास्तरांना घट फारच किरकोळ वाटली आणि काकांना ती मान्यच करायची नव्हती. थोडा वेळ दोघंही माझ्यावरच घसरले. कट्ट्यावर त्यांचं एकमत झालेलं मी पाहिलं ते तेवढंच.

त्यातून हा सगळा खेळ सुरू झाला तो आमच्या अंगणात. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून पाहण्याचे पहिले प्रयोग २००१ मध्ये ज्या मोजक्या ठिकाणी झाले, त्यात मिरज आणि मनमाड होतं. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिसळायला सुरुवात झाली. सरकारं बदलली, कार्यक्रम रखडत रखडत का होईना चालू राहिला, २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये २०. त्या पंचवीसेक वर्षांत बहुतेक मोठ्या पक्षांचं सरकार दिल्लीत कधी ना कधी येऊन गेलं. मिरजेच्या माणसाच्या गाडीत तेव्हाही इथेनॉल होतं, पण त्याला ते कोणत्या पक्षाचं आहे हे माहीत नव्हतं. त्यामुळे गाडी चालत होती.

माझी स्कूटर बंद पडली तेव्हा गॅरेजमध्ये जी सभा भरली, ती सांगण्यासारखी आहे. मेस्त्रीने टाकीतलं पेट्रोल रबरी नळीने एका कापलेल्या बाटलीत काढलं आणि बाटली उजेडाकडे धरली. वर पिवळसर पेट्रोल आणि खाली बोटभर पाण्यासारखा वेगळा थर. मधली रेघ आखल्यासारखी स्पष्ट. तिथे गाडी दुरुस्तीला आणलेले दोघं-तिघं होते, सगळे वाकून बघू लागले. एकाने लगेच मोबाइल काढून फोटो घेतला. "बघा, हेच ते! हे आपल्या गळ्यात मारतायत." दुसरा म्हणाला, "पंपवाला चोर आहे, सरकारचं नाव कशाला?" तिसऱ्याने साखर कारखानदारांचा उद्धार केला. मेस्त्री तोवर खाली बसून टाकीचं झाकण उलटंपालटं करून बघत होता. झाकणाच्या आतलं रबर कडेने तुटलेलं. "ताई, पाऊस झाला तेव्हा गाडी उघड्यावर होती काय?" होती. "मग पाणी इथनं गेलंय. साध्या पेट्रोलमध्ये पाणी तळाला बसतं, यात इथेनॉल त्याला धरतं आणि दोघं मिळून खाली बसतात. रबर बदला." फोटो काढणारा जरा हिरमुसला. पण फोटो तोवर दोन ग्रुपवर गेला होता, आणि रबराची बातमी काही ग्रुपवर जाण्यासारखी नव्हती.

मला त्या मेस्त्रीबद्दल आदर वाटतो तो एवढ्याचसाठी, की त्याने दोन्ही गोष्टी सांगितल्या. इथेनॉल पाणी ओढून घेतं हे खरं आणि झाकण तुटकं होतं हेही खरं. त्याला कुणाला हरवायचं नव्हतं, गाडी चालू करून द्यायची होती.

माझे मामा वाळवा तालुक्यात ऊस करतात. मताने म्हणाल तर पक्के विरोधातले. टीव्हीवर पंतप्रधान दिसले की उठून गोठ्यात जातात. पण इथेनॉलचा विषय निघाला की मामांची भाषा बदलते. "ते कुनाचंबी असू दे गं. कारखान्याला डिस्टिलरी हाय म्हनून बिल वेळेवर मिळतंय." कायद्याने उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात, आणि ते १४ दिवस किती लांबतात हे मामांनी जन्मभर पाहिलंय. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घातली, तेव्हा मामा कडाडून बोलले. त्यांच्याच पक्षाचे लोक तेव्हा इथेनॉल वाईट म्हणून लेख लिहीत होते. मामांनी ते लेख वाचले नाहीत, किंवा वाचले असले तरी मला बोलले नाहीत. ज्याच्या खिशाशी गाठ असते त्याच्या मताचा रंग फार टिकत नाही, असं मला तेव्हापासून वाटतं. आपण कट्ट्यावरचे लोक भडक रंगाचे, कारण आपलं जातंय काय?

माझ्या वडिलांचं मात्र जात होतं. ते बँकेत होते आणि युनियनमध्ये होते. लाल झेंड्याच्या. ऐंशीच्या दशकात बँकेत संगणक येणार अशी नुसती कुणकुण लागली की आमच्या घरी बैठका व्हायच्या, आई चहाचं आधण चढवून चढवून कंटाळायची. माझ्या लहानपणीच्या बँकेच्या आठवणी म्हणजे पितळी टोकन, जाडजूड लेजरं आणि जून-डिसेंबरच्या सहामाहीला रात्री उशिरा येणारे वडील. कुठेतरी चार आण्यांचा फरक लागायचा आणि तो सापडेपर्यंत अख्खी शाखा बसून राहायची. तरीही यंत्र नको. शेजारचे काका, ते दुसऱ्या विचारांचे, गॅलरीतून ऐकू येईल असं म्हणायचे, "हे लाल बावटेवाले देश मागे नेणार!"

नीट पाहिलं तर भांडण यंत्राशी नव्हतंच. १९८३ मध्ये बँक व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात जो करार झाला, त्यात किती यंत्रं, कुठल्या शाखांमध्ये, कोणत्या कामाला, हे सगळं ठरवून घेतलं होतं. पुढे लेजर पोस्टिंगची मशीनं आली, मग सगळंच आलं. वडील त्यावर शिकले, ज्युनिअर पोरांना शिकवूही लागले. विरोध करून त्यांनी यंत्र थांबवलं नाही, पण स्वतःच्या अटी त्याला घालून घेतल्या, आणि मला तो सौदा वाईट वाटत नाही. आता वडील ८० च्या घरात आहेत. कोथिंबिरीची दहा रुपयांची जुडी स्कॅन करून घेतात आणि भाजीवालीला "आला का मेसेज?" विचारतात. शेजारचे काका बँकेत पासबुक छापायच्या मशीनसमोर उभे राहून "अरे, एखादा माणूस ठेवा की इथं!" म्हणून ओरडतात. दोघांच्या बाजू चाळीस वर्षांत अगदी उलट झाल्या आहेत आणि दोघांनाही तसं वाटत नाही.

पक्षांचं तर विचारूच नका. १९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन कंपनीचा दाभोळचा वीज प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा ज्यांनी दिली, त्यांनी सत्तेत आल्यावर प्रकल्प रद्द केला आणि पुढच्याच वर्षी नव्या अटींवर वर काढला. आधार कार्डाची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबारच्या टेंभली गावात झाली. तेव्हा शंका घेणारे नंतर त्याचे कैवारी झाले, आणि आणणारे शंका घेऊ लागले. मतदान यंत्राचंही तेच. २००९ ला हरल्यावर लालकृष्ण अडवाणींनी मतपत्रिका परत आणा म्हटलं होतं. २०२४ च्या डिसेंबरात माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन बघायचं ठरवलं, प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. यंत्र तेच, त्यावर संशय घ्यायची पाळी तेवढी फिरते.

संशय घेणं वाईट, असं मला म्हणायचं नाही. एन्रॉनची वीज महाराष्ट्राला खरंच परवडली नाही, २००१ मध्ये तो प्रकल्प बंदच पडला. ज्यांनी तेव्हा आकडेमोड करून विरोध केला ते बरोबर होते, आणि त्यांच्यातले बरेचसे कुठल्याच पक्षाचे नव्हते. यंत्र कोण आणतंय, कुणाच्या पैशाने, फायदा कुणाला, हे विचारलंच पाहिजे. फक्त आपला संशय सरकार बदललं की रजेवर जातो आणि पुढचं सरकार आलं की कामावर रुजू होतो, त्याला काय म्हणावं?

कामावरून आठवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत रोजचे कामाचे तास ९ वरून १२ पर्यंत नेण्याला मंजुरी दिली, तेव्हा कट्ट्यावर अपेक्षेप्रमाणे रण पेटलं. औषधवाले काका म्हणाले, "देश पुढं न्यायचा तर राबायलाच पाहिजे." त्यांच्या शेजारी बसलेले एक निवृत्त सरकारी अधिकारी जोरजोरात मान हलवत होते. ते गृहस्थ आयुष्यभर साडेपाचला घरी पोचलेले, आणि त्यांच्या बायकोला साडेपाचचा चहा अजून त्याच वेळी करावा लागतो. मास्तरांनी कामगार चळवळीचा इतिहास सांगायला घेतला. त्यांचा स्वतःचा मुलगा पुण्यात हिंजवडीला रात्री दहापर्यंत लॅपटॉप उघडून बसलेला असतो, त्याचं मात्र ते अभिमानाने सांगतात. कारखान्यात काम करणारा त्या वेळी कट्ट्यावर कुणीच नव्हता. तो सकाळच्या पाळीला गेला होता.

एक विषय असा निघतो, की ज्यात रंग कालवले जातात आणि कट्टा गोंधळतो. जनुक बदललेलं बियाणं. कापसाचं बीटी बियाणं २००२ मध्ये अधिकृतपणे आलं, वांग्याचं २०१० मध्ये थांबवलं गेलं. या बियाण्यांच्या विरोधात डावे आणि स्वदेशीवाले एकाच बाजूला, तर शरद जोशींची शेतकरी संघटना ठामपणे समोर. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात संघटनेच्या लोकांनी परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बियाणं उघडपणे पेरलं, करा अटक म्हणून. हा विषय काढला की मास्तर आणि काका दोघंही बियाण्याच्या विरोधात बोलायला लागतात आणि मग एकमेकांकडे चमकून बघतात. मला तो क्षण फार आवडतो. दोघंही पटकन विषय बदलतात.

आता उसात एआय आलंय. बारामतीला कृषी विकास ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने प्रयोग केले, जमिनीत सेन्सर, वरून उपग्रह, आणि मोबाइलवर कधी किती पाणी द्यायचं याचा निरोप. कट्ट्यावर बातमी वाचून दाखवली तर बारामतीचं नाव ऐकून एकाने नाक मुरडलं, अमेरिकन कंपनीचं ऐकून दुसऱ्याने. पण मतं अजून पक्की झालेली नाहीत, कारण राज्य सरकारनेही शेतीतल्या एआयचं धोरण आणलंय. त्यामुळे ते नक्की कुणाचं मानायचं, हे ठरायला थोडा वेळ लागतोय. तेवढ्या वेळात मी मामांना फोन करून विचारलं. मामांनी कंपनीचं नाव विचारलं नाही, ट्रस्टचंही नाही.

"पानी किती वाचतंय?" मी वाचलेलं सांगितलं. "आनि एकरी टन?" तेही सांगितलं. "खर्च किती?" एकट्याने घ्यायचं तर बराच. मामा जरा थांबले. मागे गोठ्यात म्हैस ओरडत होती.

"आनि आमच्या मळ्यात रेंज नसती, ते ठाऊक हाय न्हवं त्या लोकास्नी?"